शीग कुणाची?

भरलेलं माप दिसलं की तिचा पंजा आपोआप त्यावरून फिरायचा. वरचा ढीग, म्हणजे शीग, खाली, माप सपाट. एकदा वाण्याकडं जोंधळे घेताना तिनं सवयीनं असा हात फिरवला, स्वतःचंच नुकसान केलं आणि वर त्याच्याशीच भांडली. तुम्ही असता तर तुम्हीही दुकानातून पळ काढला असता.

ढोकी स्टेशनाजवळच्या शेंगांच्या गिरणीत मी कारकून होतो आणि ती शेंगा फोडणाऱ्या बायकांची म्होरकी. सगळ्या तिला आत्या म्हणायच्या, वयानं मोठ्या होत्या त्यासुद्धा. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. बियाण्याच्या शेंगा बायका हातानं फोडायच्या आणि दाण्यांच्या पायलीमागं मजुरी ठरलेली. पण मुकादम पायली शिगोशीग भरून घ्यायचा आणि पैसे सपाट पायलीचे द्यायचा. वरची शीग गिरणीची, अशी रीतच होती.

"शीग काय आभाळातनं पडती व्हय?" आत्या म्हणायची. "ती बी आमीच फोडलीया न्हवं?"

पुन्हा तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नको, असं मुकादमानं बजावलं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल हिच्या एकटीच्या हातावर. बिचारी गप्प बसली. गप्प म्हणजे तिच्या मानानं. आवाज स्टेशनापर्यंतच जायचा.

एका दुपारी मी बायकांना पेपर वाचून दाखवला. मजुरीचा कायदा झालाय, केलेल्या कामाची पुरती मजुरी मिळाली पाहिजे, तपासायला सरकारी साहेब फिरणार आहेत. साहेब ओळखायचा कसा, असं आत्यानं विचारलं. मी आपलं ठोकून दिलं: कोट, काळी टोपी, कातडी बॅग.

पुढच्याच आठवड्यात बार्शीच्या गाडीनं नेमका असा एक गृहस्थ उतरला आणि थेट गिरणीत शिरला. मालक घरी होते, मुकादम त्यांना बोलवायला धावला. तेवढ्यात आत्यानं पाहुण्याला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, पायली शिगोशीग भरली, शीग सुपात काढली आणि सूप त्याच्या मांडीवर ठेवलं.

"सांगा सायब, ह्या दाण्याचे पैशे कुणाचे?"

चहूबाजूंनी बायका. बिचारा दुसरं काय म्हणणार? म्हणाला, "ज्यानं फोडले त्याचे."

बायकांनी असा गलका केला की मालक धोतर सावरत पळतच आले आणि मांडीवर सूप घेतलेल्या पाहुण्याला बघून थिजले. अहो, कसला साहेब न् कसलं काय. पाहुणे मालकांच्या थोरल्या लेकीला सून म्हणून बघायला आलेले. बार्शीत त्यांचीही शेंगांची गिरणी, म्हणून आधी इकडं डोकावले होते. मालकांनी सुपाकडं पाहिलं, मग घराकडं, जिथं पोहे होत होते. मुकादमाचा वेंधळेपणा हो, म्हणाले, आजपासून सपाट पायली. मुकादमाचं तोंड बघून मला हसू आवरेना.

लग्न जमलं, सपाट पायलीही टिकली. खरा साहेब बऱ्याच महिन्यांनी आला, बुशशर्ट घालून. आत्यानं त्याला दारातच अडवलं. म्हणाली, "धाकटीला अजून येळ हाय."

असली ही बाई. मला ती फार आवडायची, सरळ सांगतो.

काही वर्षांनी एका रात्री आत्या गेली. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या गाडीनं अनोळखी बायकांचा घोळका उतरला. मालकांच्या थोरलीच्या सासरच्या गिरणीतल्या. शीग तिथंही गिरणीच ठेवून घ्यायची. पण थोरलीनं सासऱ्यांना त्यांचाच शब्द ऐकवून ती रीत बंद करायला लावली होती, आणि आत्या गेल्याचा निरोपही तिनंच बायकांना दिला होता. आत्याला त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

"ह्याच का त्या?" अंगणात ठेवलेल्या आत्याकडं बघत एकीनं मला हळूच विचारलं.

मी मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुमचा आजचा रोज बुडाला असंल."

"बुडाला न्हाय," ती म्हणाली. "आमीच सोडलाय."