कृष्णरावांचा दुसरा मोजा

विजयावहिनींचा पहिला मोजा चार दिवसांत होई. दुसऱ्याला पंधरा लागत. "पहिल्यात उत्सुकता असते गं, शरयू," त्या मला म्हणायच्या. "दुसरा म्हणजे सांगितलेलीच गोष्ट पुन्हा सांगायची."

तरी दर हिवाळ्यात जोडी पुरी व्हायची, ती कृष्णरावांमुळे. घरात नवरा-बायको दोघंच. संध्याकाळी कचेरीतून आले की ते तयार मोजा हातावर चढवून समोर बसत आणि वहिनींच्या सुयांकडे बघत ओळी मोजत.

"चाळीस झाल्या. टाच धर."

"कुठं चाळीस? अडतीस आहेत."

"मग तूच मोज!"

कंपू मोहल्ल्यात आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. सगळं ऐकू यायचं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली, आणि कृष्णरावांची कचेरी फायलींसकट तिकडे गेली. क्वार्टर मिळेपर्यंत बायकोला नेता येईना. ते निघाले तेव्हा एक मोजा झाला होता. दुसरा चार बोटं विणून, सुया तशाच ठेवून, ट्रंकेवर पडला.

मी एकदा म्हटलं, "मी मोजते ओळी."

"तू बरोबर मोजशील. ते चुकतात."

"मग मीही चुकते की!"

"ठरवून चुकण्यात काय आहे?" त्या हसल्या, पण सुयांना हात लावला नाही.

डिसेंबरात त्याच कचेरीतले, कृष्णरावांच्या हाताखालचे तुकोजी सुट्टीवर आले. "वहिनी, रविवारी परत निघतोय. बडेबाबूंना काही द्यायचंय?"

"मोजे देईन."

"मोजे? अहो, तिकडे कुठं आपल्यासारखी ठंड! मी तर नुसत्या बनियनवर झोपतो."

तुकोजी गेल्यावर वहिनींनी ट्रंक उघडली आणि दोन्ही मोजे आत टाकले. "ऐकलंस? गरजच नाही."

मला राग आला. "थंडीसाठी विणत होतात का तुम्ही?"

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नाही. बारा वर्षांत आमच्यात बोलायचं फार काही उरलं नव्हतं गं. हेच एक होतं."

चहा न घेताच घरी आले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. वहिनी एकट्याच मोजत होत्या. बारा, तेरा, मग थांबल्या. पुन्हा एकपासून. दुसऱ्या दिवशी तेच. शुक्रवारी मोजणं बंद झालं. मला वाटलं, सोडलं असणार.

शनिवारी दुपारी त्यांनीच हाक मारली. दोन्ही मोजे मांडीवर होते. दुसरा दीड बोट लांब झाला होता.

"मोजायचा कंटाळा आला, नुसती विणत गेले. टाच धरायची राहूनच गेली, मग उशिरा धरली. उसवू का?"

"तुकोजी उद्या सकाळी निघणार, वहिनी."

"हो ना." त्यांनी लांब मोजा ताणून पाहिला, सोडला. "पहिला बघ, ते घरात असतानाचा, कसा सैल आहे. हा किती घट्ट आलाय. लांबीचं ते चालवून घेतील, पण हे त्यांना कळेल."

"कळू दे की."

रविवारी तुकोजींचा टांगा दाराशी उभा राहिला. वहिनींनी धुतलेल्या रुमालात बांधलेली जोडी त्यांच्या हातात दिली.

"निरोप काही?" तुकोजींनी विचारलं.

वहिनी उंबऱ्यावर उभ्या होत्या. घोडा पाय आपटत होता, टांगेवाला चुळबुळत होता.

"म्हणावं, जोडी जमली नाही. दुसरा मी एकटीनं केलाय."