मराठी माध्यमाची पिल्लं

महिन्याचं पिल्लू मागायला आलेल्या माणसाला मी आजही फाटकातूनच हाकलते. "छोटा दे दो आंटी, छोटे में हिल जाता है," असं म्हणतात मेले. हिल जाता है, माणसाचा लळा लागतो म्हणे! अरे, ज्याचे दात अजून धड फुटले नाहीत, ते तुमच्याकडे हिलणार कसं? आईसाठी रडून रडून थकणार आणि कोपऱ्यात गप्प पडणार. त्याला तुम्ही हिलणं म्हणता.

माझं डोकं तापट आहे, हे सांगायला नकोच. गेल्या थंडीत तर ते दोन महिने गारच झालं नाही.

भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या आमच्या घराच्या जिन्याखाली गल्लीतली तांबडी कुत्री व्याली. चार पिल्लं. त्याच सकाळी आमच्या ह्यांनी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "हे बघ, एकही ठेवायचं नाही. उन्हाळ्यात आपण चार महिने पुण्याला मुलाकडे जातो. मागे कोण बघणार?" हे गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. बोलतात कमी, आणि बोलले की नोटीस लावल्यासारखं. मी हो म्हटलं. मी हो म्हटलं की हे अजूनही खरं मानतात.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर पोरगेलीशी होती, पण बोलायला पक्की. म्हणाली, आठ आठवडे पुरे व्हायच्या आत आईपासून तोडू नका. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना जे दिसेल, जे ऐकू येईल, ते जन्मभराचं. तेव्हा सगळं दाखवा, सगळं ऐकवा, अंगाला हात लावू द्या. आणि शिकवताना एका गोष्टीला एकच शब्द, घरात सगळ्यांनी तोच.

मी कामाला लागले. कुकरची शिट्टी झाली की पिल्लांपुढे दूधभाकरी. मिक्सर जिन्याजवळ नेऊन चटणी वाटायची. घरामागच्या रुळांवरून मालगाडी जायची तेव्हा मी त्यांच्यात मांडी घालून बसायची, म्हणजे घर हललं तरी माणूस हलत नाही, हे त्यांना कळावं. हे डोक्यावर हेल्मेट घालून अंगणात येरझाऱ्या घालायचे, मग छत्री उघडून, मग घोंगडी पांघरून. शेजारच्या बाईला वाटलं, ह्यांना काहीतरी झालंय. गॅसवाला आला की मी सांगायची, "सिलेंडर बाद में, पहले इनको सूँघने दो." तो बिचारा उकिडवा बसायचा. पिल्लू हाताला चावलं की "आई गं!" म्हणून पाठ फिरवायची. चावलं की खेळ बंद, एवढं त्यांना चार दिवसांत समजलं. माणसांना आयुष्यभर समजत नाही.

आता शब्दांचं. आमच्या घरात एक कायदा आहे, तो माझ्या आजोबांपासूनचा. राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा हापिसच्या फायलींबरोबर आजोबाही आले. ते म्हणायचे, फाटकाबाहेर हिंदी, फाटकाच्या आत मराठी. माझ्या वडिलांनी तो पाळला, मी पाळला, मुलाकडून मारून मुटकून पाळून घेतला. "मम्मी, मेरा बस्ता किधर है" म्हटलं की मी बहिरी. आणि जिना तर फाटकाच्या आत. तेव्हा पिल्लंही मराठीतच शिकणार, ह्यात विचार कसला करायचा?

मी शिकवलं "ये". ह्यांनी शिकवलं "बस". सातव्या आठवड्यात चारही जणं "ये" म्हटलं की कान उडवत, एकमेकांवर आपटत यायची आणि "बस" म्हटलं की ढुंगण टेकवायची. मला इतका अभिमान वाटायचा की काय सांगू. मुलाच्या दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता. अर्थात निकालच तसा होता.

तीन पिल्लं आठ आठवडे पुरे झाल्यावर चांगल्या घरी गेली. एक माझ्या जुन्या हापिसातल्या मराठी बाईकडे, एक ह्यांच्या कारखान्याच्या चौकीदाराकडे, एक दूधवाल्याकडे. राहिली धाकटी. मादी म्हणून कोणी घेईना. "मेल नहीं है क्या?" असं विचारणाऱ्या बायका बघितल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाई, तू कोण आहेस मग?

धाकटीचं पोट पहिल्यापासून बिघडलेलं. जंतांचं औषध सगळ्यांनाच दिलं, हिला त्यावर आणखी दहा दिवस सकाळ-संध्याकाळ एक कडू पांढरं औषध. बिनसुईची सिरिंज घेऊन मी तिला मांडीत दाबून धरायची आणि लाडीगोडीनं म्हणायची, "आ कर गं माझी बाय. आऽऽ कर. आऽऽ." मुलाला लहानपणी असंच पाजलं होतं. तिसऱ्या दिवसापासून माझा "आऽऽ" ऐकला की ती जिन्याच्या पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसायची, थरथरायची. मी ओढून काढायची आणि पाजायची. औषध पोटात गेलं पाहिजे, बाकी काय ते नंतर. ती बरी झाली, आणि मला ती हवी झाली. हे मी कोणाला बोलले नाही. हो म्हणून बसले होते ना.

मग चार इमली ह्या साहेबलोकांच्या वस्तीतून एक मॅडम आल्या. साहेबांचा मोठा बंगला, हिरवळ, गाडी, सगळं. मी त्यांना हजार प्रश्न विचारले. बांधून ठेवणार का? रात्री कुठे झोपणार? तुमची बदली झाली तर? खोट सापडावी म्हणून जीव टाकत होते मी. बाई सरळ निघाली. सगळ्याची नीट उत्तरं दिली, जमिनीवर बसली, धाकटीला आधी हात हुंगू दिला. कपाळ माझं! द्यावी लागली. गाडी गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर हे म्हणाले, "पाणी कशाला वाया घालवून राहिलीस?" असा राग आला!

सहाव्या दिवशी मॅडमचा फोन. आवाज अगदी गोड, आणि शब्द असे.

"आंटी, बुरा मत मानिए, पर सच बताइए. इसको आपके यहाँ मारते थे क्या?"

मी उभीच्या उभी पेटले. मारते थे? मी? जिनं मालगाडी जाताना मांडी घालून...

"बुलाओ तो डरकर भागती है," त्या सांगत होत्या. "और न बुलाओ तो बीच में आकर खड़ी हो जाती है. मैं फ़ोन पर बात करूँ तो पैरों में. डाँटो तो भागती भी नहीं, वहीं बैठ जाती है, ढीठ जैसी. साहब बोल रहे हैं, दिमाग़ में कुछ डिफ़ेक्ट है. हम ड्राइवर के हाथ वापस भेज दें?"

"ड्राइवर-फ्राइवर नको," मी चक्क मराठीत ओरडले. "मी येतेय!"

फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शांतपणे जा. भांडू नकोस." शांतपणे म्हणे! मी चपला घातल्या आणि निघाले. ऑटोत बसल्या बसल्या भाषण तयार केलं. डिफेक्ट तुमच्या डोक्यात आहे. सहा दिवसांत जनावराचं वाटोळं केलंत. गाद्यागिरद्या देता आणि वेळ देत नाही. चोराच्या उलट्या बोंबा! ऑटोवाला आरशातून बघत होता, म्हणजे मी बहुधा मोठ्यानं बोलत होते. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या रागाच्या खाली मी खुशीत होते. धाकटीला घेऊन यायचं आणि ठेवायचं. ह्यांना जे ओरडायचं ते ओरडू देत. पुण्याला मी जात नाही, तुम्ही जा एकटे आणि खा सुनेच्या हातचं. इतकं ठरलं होतं.

बंगल्याच्या हिरवळीवर धाकटी होती. अंग भरलेलं, गळ्यात लाल पट्टा. काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. वारा माझ्याकडून तिच्याकडे नव्हता, तिनं मला अजून ओळखलं नव्हतं. मी भाषणाचं पहिलं वाक्य तोंडात घोळवलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आप ख़ुद देख लीजिए आंटी, मैं कितने प्यार से बुलाती हूँ."

त्या गुडघे टेकून बसल्या. साडी मातीत. हातात चिकनचा तुकडा. आणि अगदी लाडीगोडीनं म्हणाल्या, "आ… आ जा बेटा… आऽऽ… आऽऽ…"

धाकटी जागच्या जागी चपटी झाली. शेपूट पोटाखाली गेली, तिथंच मुतली, आणि सरपटत गाडीखाली शिरली. पार आतल्या चाकामागे.

माझ्या तोंडचं भाषण गेलं. तो माझाच "आऽऽ" होता. अगदी तसाच लांबवलेला, तसाच गोड. ही बाई सहा दिवस माझ्या पोरीला कडू औषध पाजायलाच बोलवत होती, तिला बिचारीला काय ठाऊक! आणि दिवसभर घरात ये क्या है, ये किसने रखा, ये देखो. धाकटी प्रत्येक वेळी धावत येणार, आणि ही तिला हटवणार. वर म्हणणार, बस, बस, बहुत हुआ. ती बसणार. ढीठ, कोडगी म्हणे. अहो, पहिल्या नंबरात पास होत होती ती रोज!

आणि तिला भीती घातली कोणी? मी. मारलं नव्हतं, पण मारते थे क्या ह्या प्रश्नाला आता मला धड नाही म्हणता येईना. एका गोष्टीला एकच शब्द, हे ऐकलं होतं मी. पण शब्द घराबाहेर गेल्यावर त्याचं काय होईल, हा विचार भोपाळात जन्म काढूनही माझ्या डोक्यात आला नव्हता. इतका स्वतःचा राग मला कधीच आला नव्हता.

आता इथं गप्प बसायचं होतं. बस्स. गाडीखालून ओढायची, पदरात घ्यायची आणि निघायचं. मॅडम तर पट्टाही काढायला निघाल्या होत्या, डोळ्यात पाणी आणून. "मुझसे नहीं होगा आंटी. मुझको देखकर ही डरती है."

ते मला ऐकवलं नाही. राग सगळा तोंडातून बाहेर पडला. "आपको देखकर नहीं डरती! आ मत बोलिए उसको! ये बोलिए, ये!"

"ये?" मॅडम गोंधळल्या. "ये क्या?"

गाडीखालून नाक बाहेर आलं.

"अरे! ये… ये तो…"

धाकटी कान उडवत आली ती थेट मॅडमच्या मांडीवर. त्यांचं तोंड, कान, गळा, सगळं चाटून काढलं. मॅडम हसत हसत मागे रेलल्या, "अरे बस, बस, बस!" आणि धाकटीनं लगेच ढुंगण टेकवलं. "आंटी, ये तो सब समझती है!" की पुन्हा उठून अंगावर.

मॅडमनी मला चहा पाजला. कागद-पेन घेऊन माझे शब्द लिहून घेतले, हिंदी अक्षरांत, पुढे अर्थ. "आ" हा शब्द घरात कोणी उच्चारायचा नाही, असं नोकरांना माझ्यासमोर सांगितलं. पट्टा राहिला गळ्यात तसाच. धाकटीनं मला ओळखलं, माझ्या पायांत लोळली, आणि मॅडम कोणाशी तरी फोनवर "ये" म्हणाल्या तशी त्यांच्याकडे पळाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तशीच ऑटोत बसले. घरी पोचले. फाटक सताड उघडं होतं. जिन्याखालची जागा झाडून पुसून ठेवलेली, खाली पोतं, पोत्यावर माझी जुनी गोधडी चौपदरी घातलेली. बाजूला पाण्याचं भांडं, भरलेलं. हे पायरीवर बसले होते. मला बघून उठले आणि माझ्या मागे रस्त्यावर बघायला लागले.

"कुठे आहे ती?"

मी सगळं सांगितलं. गाडीखालचं, "आ"चं, मॅडमना काय शिकवलं ते. सांगताना ह्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ह्या माणसानं अडतीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"