मोजता आलं नाही

जोतीराम चौगुले सरांना थांबणं म्हणून जमायचं नाही. चहा वाफाळता असतानाच संपवायचे, लूना बंद व्हायच्या आत खाली उतरायचे. पेठ वडगावच्या शाळेत त्यांचं नाव होतं तेही यासाठीच. नववीचं विज्ञान चौगुले सर डिसेंबरातच उरकतात! बाकीचे मास्तर मार्चमध्ये धापा टाकत असायचे, तेव्हा सर रुबाबात उजळणी घेत फिरायचे. बावीस वर्षांची कमाई म्हणायची तर एवढीच, आणि ती त्यांनी जिवापाड जपली होती.

अशा माणसाच्या मागे १९९९ साली दोन पोरं लागली. निशिगंधा आणि प्रसेनजीत, दोघंही नववीतली, पहिल्या बाकावरची. कोल्हापूरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी प्रकल्प घेतला, 'शिक्षकांचं वर्गातलं वर्तन'. मार्गदर्शक म्हणून नाव सरांचंच, आणि निरीक्षणही सरांचंच. सरांनी हौसेनं होकार भरला आणि मग विचारलं, "पण मोजणार काय?"

"त्ये सांगायचं न्हाय, सर," निशिगंधा म्हणाली. "ज्याचं निरीक्षण करायचं त्याला कळलं, तर त्यो वागणं बदलतोय. तुम्हीच शिकवलंय की."

शिकवलं होतं खरं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

झालं. निशिगंधाच्या गळ्यात खेळाच्या सरांकडून आणलेलं स्टॉपवॉच, प्रसेनजीतच्या मांडीवर वही. कळ दाबल्याचा बारीक आवाज आला की सरांचं लक्ष तिकडेच जायचं. आता काय टिपलं? छडी? 'गाढवा' म्हटलेलं? दुसऱ्या दिवसापासून छडी स्टाफरूमच्या कपाटात गेली. गाढवाचा 'बाळा' झाला. सर विनाकारण हसायला लागले, तशी पोरं जास्तच घाबरली. एका सकाळी चहा देताना बायको मीनाबाई म्हणाल्या, "अवो, झोपंत 'शाब्बास, शाब्बास' म्हणत हुता की. बरं हाय न्हवं?"

बरं कुठलं! तीन आठवडे जेवण गोड लागलं नाही.

शेवटी एका शुक्रवारी दोघं सहीसाठी फाईल घेऊन आली. शनिवारी ती कोल्हापूरला पोचायची होती. सरांनी घाईघाईनं पानं उलटली. छडी नव्हती, गाढव नव्हतं. त्यांना हायसं वाटलं. एकच तक्ता होता. प्रश्न विचारल्यावर, उत्तर आलं नाही तर दुसऱ्याचं नाव घेईपर्यंत सर किती वेळ थांबतात, त्याचा.

पहिले दोन बाक, चार सेकंद. मधले बाक, एक सेकंद. शेवटचा बाक, विद्यार्थी 'क', एकूण प्रश्न एकोणीस. पुढच्या रकान्यात आकडाच नव्हता. प्रसेनजीतच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मोजता आलं नाही. कळ दाबायच्या आत सर पुढचं नाव घेतात.'

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. हे प्रदर्शनात टांगणार. मुख्याध्यापक वाचणार, जिल्ह्यातले मास्तर वाचणार, आणि खाली मार्गदर्शक म्हणून आपलंच नाव.

"ही शेवटची ओळ गाळली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रसेनजीत फाईलकडे बघत म्हणाला, "मग ऱ्हातंय काय, सर?"

"'क' म्हणजे कोण?"

"नावं द्यायची न्हाईत, सर. त्ये बी तुम्हीच शिकवलंय."

नाव कशाला हवं होतं! शेवटच्या बाकावरची शिवानी. चंदगडाकडून आलेली, बोलायच्या आधी ओठ हलवणारी. तिला काही येत नाही, हे सरांनी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. कशावरून ठरवलं, ते मात्र आता आठवेना.

"मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला सही करतो," ते म्हणाले.

त्या तासाला त्यांनी हजेरीही घेतली नाही. "शिवानी, पाणी किती अंशाला उकळतं?"

शिवानी उभी राहिली. ओठ हलले. सरांच्या जिभेवर पुढचं नाव आलं, ते त्यांनी गिळलं. एक. दोन. तीन. वर्ग चुळबुळला. स्टॉपवॉच कधीच परत गेलं होतं, तरी सर मनात मोजत राहिले. सात. आठ. पाय आपोआप पुढे निघाले होते, ते त्यांनी टेबलाला टेकवून धरले.

शिवानीनं शेजारणीला कोपर मारलं. "ऊठ की. आता तुझं नाव येतंय." मग सर अजून आपल्याकडेच बघतायत असं पाहून ती गोंधळली, आणि अडलेल्याला वाट करून द्यावी तशी समजुतीनं म्हणाली, "सर, पुढं जावा की. तुमचा पोर्शन ऱ्हाईल."

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. बावीस वर्षांत किती जणांनी अशी वाट करून दिली असेल, त्याची वही कुणीच ठेवली नव्हती.

"न्हाय जात," ते म्हणाले. "तू सांग. मी हाय हितंच."

बऱ्याच वेळानं, इकडंतिकडं बघत ती म्हणाली, "शंभर."

सरांनी फाईल उघडली आणि शेवटच्या ओळीखाली सही केली. त्या वर्षी चौगुले सरांचं विज्ञान मार्चपर्यंत चाललं.