दारातली बंदूक आणि आमचं हॉटेल

माणसाचं दिवाळं निघालं की घरातल्या वस्तू जातात, किस्से मात्र साठत जातात. त्यांच्यावर जप्ती येत नाही! शिवाय मी सोलापुरात चहाचं हॉटेल टाकलं ते एका सरकारी कचेरीच्या फाटकासमोर. आत सरकारी तिजोरी, म्हणून बाहेर चोवीस तास बंदूकवाला पोलीस. कुठली कचेरी ते विचारू नका, उगाच कुणाची पेन्शन अडायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, एवढं पुरे.

हॉटेल म्हणजे काय, चार पत्रे, एक स्टोव्ह आणि दोन बाक. त्याआधी माझा चादरींचा कारखाना होता. तो बुडाला. कसा बुडाला ते सांगायला बसलो तर तुम्हीच उठून जाल, म्हणून ते सोडा.

*

सुरुवात जप्तीच्या दिवसापासून करू.

कोर्टाचा बेलिफ आला, त्याच्याबरोबर एक पोलीस. त्या दिवशी शहरात कसला तरी मोठा बंदोबस्त होता. लाठीवाले शिपाई सगळे तिकडं, म्हणून आमच्याकडं बंदूकवाला पाठवला! नाव बंडगर, गाव जेऊर, मिशा जोरदार. खांद्यावर ती लांबलचक थ्री नॉट थ्री घेऊन हा गडी आमच्या दारात उभा राहिला. अख्खी गल्ली गोळा झाली. बघणाऱ्याला वाटावं, आत दरोडेखोर सापडलाय.

माझी बायको महानंदा दारात आली. आमच्या घरातून पोस्टमनसुद्धा चहा घेतल्याशिवाय जायचा नाही, अशी ती बाई. त्या दिवशी तिचा आवाज कापत होता.

"आमी काय कुणाचा खून केलाय का? बंदूक कशाला आणलीया दारात?"

बंडगर बिचारा इतका ओशाळला की वाकून कुजबुजला, "वैनी, घाबरू नका. हिच्यात गोळीच न्हाय!"

गल्ली हसली. महानंदानं दार लावून घेतलं. बेलिफ गेला, बंडगर गेला, पण दार तसंच राहिलं. ती पहाटे मागच्या दारानं देवळात जाऊन यायची, तेवढंच. लग्न नाही, बारसं नाही, बाजार नाही. कारखाना गेल्याचं मला एवढं वाटलं नाही, खरं सांगतो. पण गल्लीभर फिरणारी, सगळ्यांच्या घरी हक्कानं शिरणारी ही बाई कोंडून घेऊन बसली, ते मला बघवत नव्हतं.

*

हॉटेलच्या पहिल्याच दिवशी समोरच्या गार्डात कोण? बंडगर! मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मीच हाक मारली, म्हटलं, "या, गिऱ्हाईक तर व्हा!" तो आला, त्याच्या मागून गार्डाचे हवालदार काझीसाहेबही आले. काझींनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"क्या शेठ, चादर धोया सो पानी है क्या ये?"

चहा करायला यायचा कुणाला! आयुष्यभर नुसता प्यायलेला. त्यातून कारखान्याची सवय अंगात मुरलेली. दुपारी चार वाजले, डोकं दुखायला लागलं, तसा मी मागं रेलून ओरडलो, "अरे, कुणी तरी एक चहा सांगा रे!"

बाकावरचे सगळे पोलीस माझ्याकडं बघायला लागले. बंडगर शांतपणे म्हणाला, "सांगतो की शेठ. पर सांगायचा तुमालाच हाय!"

*

रात्री जेवताना हे महानंदाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं आल्याचा तुकडा आणि चार वेलदोडे हातावर ठेवले. "एवढं टाका," म्हणाली, आणि दार लावलं.

मग मी रोज एक किस्सा घरी न्यायला लागलो. लोक गजरा नेतात, मी बंडगर नेत होतो!

*

बंडगरचा चहा बघण्यासारखा असायचा. बंदूक हातातून सोडायची नाही, असा कडक नियम. आणि गड्याला चहा लागायचा बशीतून! एका हातात कप, एका हातात बशी, मग बंदूक कुठं? तर दोन्ही गुडघ्यांत. फुंकर मारायला वाकला की नळी नाकाला लागायची.

एकदा मी विचारलं, "बंडगर, ही शेवटची उडवली कधी?"

"चांदमारीला, शेठ. असा नेम धरला म्हणता! गोळी बरूबर मधोमध."

"मग बक्षीस मिळालं असेल!"

"मिळालं की. शेजारच्या शिपायाला. बोर्ड त्याचा हुता!"

*

एका दुपारी बाजारातला एक बैल उधळला आणि थेट कचेरीच्या आवारात शिरला. कारकून टेबलांवर चढले. सगळे ओरडतायत, "गोळी घाला, गोळी घाला!" बंडगर बंदुकीसकट सरसर लिंबाच्या झाडावर!

खाली राहिले काझी. कमरेला पट्टा, हातात काही नाही. वर बघून ओरडले, "अरे बंडगर, बंदूक तू उपर लेके गया, अब मैं इसको क्या सिंगां दिखाऊँ क्या?"

मी शिळे पाव टाकून बैल बाहेर काढला. बंडगर खाली उतरला, कपडे झटकले आणि मला समजावून सांगितलं, "शेठ, एक गोळी उडवली की महिनाभर जाब द्यावा लागतोय. झाडावर चढल्याचं कोण इचारतंय?"

हा किस्सा ऐकून महानंदानं पहिल्यांदा प्रश्न विचारला. "आणि बैल? त्याला लागलं न्हाय न्हवं कुटं?" मला एवढा आनंद झाला की मी बैलाचा किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

*

दिवाळखोराला जुने व्यापारी दोन प्रकारे भेटतात. काही रस्ता ओलांडून पलीकडं जातात, काही रस्ता ओलांडून अंगावर येतात. मोडनिंबचे एक सूतवाले दुसऱ्या प्रकारचे. बाजाराच्या दिवशी हॉटेलात शिरले आणि सुरू झाले. माझ्या आज्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बाकी... तब्येत बरी हाय न्हवं शेठ? वैनी काय म्हणत्यात?"

दोन रुपयांची नोट बाकावर ठेवली, सुटे न घेता गेले! मी वळून बघतो तर माझ्या मागं बंडगर उभा. छाती काढून, बंदूक खांद्याला लावून, डोळे वटारून.

"बंडगर, काय केलंस रे?"

"मी कुटं काय केलं? मी बिस्कूट मागाय आलतो. तुमचं बोलणं हुईना म्हणून थांबलो!"

त्या रात्री महानंदा तोंडाला पदर लावून हसली. मग पदर खाली घेऊन म्हणाली, "तो बंडगर... आपल्या दारातनं चहा न घेता गेलेला पैला माणूस." मी म्हटलं, "मग ये की एकदा हॉटेलात, पाज त्याला." ती उठून भांडी घासायला गेली.

*

आता शेवटचं ऐका.

एका दुपारी दूध नासलं. हॉटेल तसंच टाकून मी गवळ्याकडं पळालो. बंडगरला म्हटलं, लक्ष ठेव. काझी हजामतीला गेलेले. परत येतो तर काय!

बाकावर बंडगर मांडी घालून बसलाय. पुढ्यात माझा डबा, जो मी सकाळी घरी विसरलो होतो. एका हातात कडक भाकरी, एका हातात शेंगाचटणी, गुडघ्यांत बंदूक नाही. डोळे मिटून चाललंय गड्याचं.

आणि पलीकडं फाटकात महानंदा. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर थ्री नॉट थ्री. भर दुपारी, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी!

मी हाक मारणार, एवढ्यात पोलिसांची जीप आली. मोठे साहेब!

बंडगर उठायला गेला, पण तोंडात अख्खी भाकरी, सॅल्यूट कसला, श्वाससुद्धा निघेना. डोळ्यांत पाणी. नोकरी गेलीच होती त्याची. मी दुधाची किटली धरून रस्त्यात तसाच. साहेब उतरले. महानंदानं एकदा त्यांच्या खांद्यावरचे तारे बघितले आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. डाव्या हातानं!

"कोण तुम्ही?" साहेब ओरडले.

"ह्या समोरच्या हॉटेलची मालकीण."

"आणि ही बंदूक?"

"हिला वळखते मी," महानंदा म्हणाली. आवाज अजिबात कापत नव्हता. "आमच्या दारात उभी हुती की एकदा. तवा चहा इचारायचा राहून गेला. तुमी घेताय न्हवं?"

साहेबांनी बंडगरकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मग टोपी काढली आणि बाकावर बंडगरच्या शेजारी बसले.

"साखर कमी," म्हणाले.

महानंदानं बंदूक माझ्या हातात दिली आणि स्टोव्हला पंप मारायला बसली.