आत्याचा ईमेल चालत नाही

माझी आत्या पालीच्या परीक्षेत नापास झाली, ही बातमी तिच्या आधी चाकूरच्या बाजाराला कळली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवून निवृत्त झालेली. विहारात आपण रोज जे म्हणतो त्याचा अर्थ आपल्याला कुणाला न विचारता कळला पाहिजे, एवढ्या एका हट्टापायी तिने लातूरच्या एका संस्थेच्या पाली अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. फॉर्म ऑनलाइन होता. आणि चाकूरमध्ये ऑनलाइन म्हणजे बाजारातलं सेवा केंद्र. ते चालवणारा तिचाच जुना विद्यार्थी. तो सगळ्यांच्या फॉर्मात दुकानाचाच ईमेल टाकतो. पीकविमा असो की कॉलेजचा प्रवेश, अर्ध्या तालुक्याचं टपाल त्याच्या एका पेटीत येऊन पडतं, आणि तो ते मोठ्या मायेने वाचून ज्याचं त्याला सांगत बसतो.

निकालाच्या दिवशी आत्या कोथिंबीर घ्यायला निघाली होती. हा दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "बाई, निकाल आला! चार मार्कांनी राहिलं बघा! पण पेपरच लई अवघड होता म्हणे!" मग पळत येऊन त्याने तिच्या हातात चहा दिला. कोथिंबीरवालीने एक जुडी फुकट टाकली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाई, पुढल्या खेपेला निघंल." या कोथिंबीरवालीला आत्याने एकेकाळी चौथीत मागे ठेवलं होतं.

संध्याकाळी तिचा मला नांदेडला फोन आला. रडत नव्हती. चिडलेलीही नव्हती. तिने एवढंच सांगितलं, "मी पुन्हा बसणार हाय. पण ह्यावेळी मला माझी पेटी पाहिजे. मी उघडीन तवा उघडंल, दुसऱ्या कुणाला दिसणार न्हाई, अशी."

अशा बाबतीत माझ्याकडे यायचं, हे आमच्या घराण्यात ठरलेलं आहे. वडील चळवळीतले, त्यामुळे मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी वह्यांना कव्हर पत्रकांचं, कच्ची गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूला, आणि पाहुणे आले की उशीला पत्रकांचा गठ्ठा. नळाला पाणी नाही, काढलं पत्रक. वसतिगृहात जेवण वाईट, काढलं पत्रक. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांपासून. मोठी झाल्यावर माझा राग फोनमधल्या कंपन्यांकडे वळला. आपली पत्रं चाळून त्यावर जाहिराती विकणारी टपालसेवा मला नको होती. म्हणून मी स्वतः परदेशातली एक साधी सेवा वापरते. ती पत्रं कुलपात ठेवते, मोबाइल नंबर मागत नाही, जाहिराती दाखवत नाही. आत्यासाठीही मी तिथेच पेटी काढली. पासवर्ड मी तात्पुरता घातला आणि सांगितलं, "हा तू नंतर बदल."

एका रविवारी ती नांदेडला आमच्याकडे आली. फेरपरीक्षेसाठी नव्याने नोंदणी करायची होती आणि आठ दिवसांची मुदत होती. आम्ही दोघी पलंगावर लॅपटॉप मधे घेऊन बसलो. नाव गेलं, पत्ता गेला, ईमेल टाकला आणि खाली लाल अक्षरं उमटली : कृपया वैध ईमेल पत्ता द्या.

आत्याने चष्मा पुसला. "स्पेलिंग बघ."

बघितलं. पुन्हा टाकलं. तेच. माझा पत्ता टाकून पाहिला, तोही अवैध. मग शेजारच्या काकूंना विचारून त्यांचा नेहमीच्या मोठ्या कंपनीतला पत्ता टाकला, तर लगेच हिरवी खूण. तो लगोलग पुसला. मी आत्याच्या पेटीवर माझ्या फोनवरून एक पत्र धाडलं. तिच्या फोनवर ते टुणकन वाजलं. पेटी जिवंत होती. वेबसाइट मात्र ती नाहीच म्हणत होती.

संस्थेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा माणूस सवयीने म्हणाला, "मॅडम, खोटी खाती लई येतात, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या असल्या कंपन्या बंद केल्यात. नेहमीचा ईमेल टाका ना."

"नेहमीचा म्हणजे कुणाचा?" आत्याने शेजारून विचारलं.

"सगळे टाकतात तो."

मी फोन ठेवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आत्या, मोठ्या कंपनीतली पेटी काढायला पाच मिनिटं लागतात. मला पटत नाही, पण परीक्षा तुझी आहे. तू म्हणशील तर काढते."

तिने मान हलवली. "माझं उत्तर बरोबर हाय. बरोबर उत्तरावर कुणी फुली मारली म्हणून मी ते खोडत नसते. पोरांना बी कधी खोडू दिलं न्हाई." आणि ती चहा टाकायला उठली.

ती सोमवारी चाकूरला परतली आणि इकडे माझ्या अंगात वडिलोपार्जित ज्वर चढला. दुपारपर्यंत पत्रक लिहून तयार. मथळा : 'माझा पत्ता खरा आहे!' खाली सुरुवात अशी, 'चाकूर येथील एका निवृत्त शिक्षिकेस पालीच्या परीक्षेत अवघे चार गुण कमी पडले. भर बाजारात त्यांचा निकाल पुकारला गेला. आपले टपाल आपल्यापुरते राहावे एवढीच त्यांची मागणी असताना...' पुढे तीन परिच्छेद आग होती. उद्गारचिन्हं मी मोजली नाहीत. आत्याचं नाव मात्र कुठेही घातलं नाही, याबद्दल माझी मीच पाठ थोपटली.

आमची पत्रकं जुन्या नांदेडातले एक चाचा छापतात. वडिलांचं पहिलं पत्रकही त्यांच्याच छापखान्यातून निघालं होतं. त्यांनी मजकूर लावला, प्रूफ काढलं, दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत वाचलं.

"फक्कड हाय, बेटा. आता सही आण."

"केली की मी."

"तुझी न्हाई. ज्यांची गोष्ट हाय त्यांची." चाचांचा हा कायदाच आहे. कधीतरी एका पत्रकात खाली 'आपले विनीत' म्हणून न विचारता बारा नावं छापली, आणि त्यातले चारजण छापखान्यात येऊन टेबल उलथं करून गेले. तेव्हापासून पत्रकात ज्याचं काही येतं त्याची प्रूफवर सही असल्याशिवाय ते यंत्र सुरू करत नाहीत. "तुझ्या आत्यांची, आपांची गोष्ट हाय ना? मग त्यांना वाचू दे. माझं काय जातंय, कागद उद्या बी पांढराच राहील."

मी प्रूफचा फोटो आत्याला पाठवला. कौतुकाची वाट पाहत छापखान्याच्या स्टुलावर बसले. दहा मिनिटांनी फोन आला.

"किती छापायलीस?"

"पाचशे."

"त्यातले चाकुरात किती वाटणार?"

"दोनशे तरी."

"बरं. त्या पोरानं एकदाच वरडून सांगितलं होतं. तू दोनशे वेळा सांगणार."

मी म्हणाले, "आत्या, मी तुझं नाव घातलेलं नाही."

"चाकुरात पाली शिकणाऱ्या निवृत्त बाया किती हायत, सांग बरं?"

मी मनात मोजलं. एकच निघाली. चाचा नुकताच लावलेला मजकूर पडद्यावर बघण्यात उगाच गुंग झाले होते. तिच्या गुपितासाठी भांडायला निघालेली मी, ते गुपित पाचशे प्रतींत छापायला बसले होते, आणि तेही जाड टाइपात. लहानपणापासून मला शिकवलेलं की अन्याय झाला की तो सगळ्यांना सांगायचा. तो कुणाचा आहे हे आधी विचारायचं, हे शिकवायला मात्र चाचांचं प्रूफ लागलं.

"मग काय करायचं? गप बसायचं?" मी विचारलं.

"गप बस कोण म्हणलं? उद्या लातूरच्या गाडीत बस. मला चाकूरला जागा धर. खिडकीची."

प्रूफ मी तिथेच फाडलं. चाचांनी तुकडे गोळा करून रद्दीत टाकले आणि म्हणाले, "मजकूर जोरदार होता. पुढल्या वेळी स्वतःचं दुखणं घेऊन ये, उधारीत छापीन."

दुसऱ्या दिवशी चाकूरच्या स्टँडवर आत्या चढली ती इस्त्रीच्या सुती साडीत, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलीत मोजून तीन कागद : एक कागदी फॉर्म, ओळखपत्राची प्रत आणि तिच्या टपोऱ्या अक्षरातला एका पानाचा अर्ज. अर्जात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. माझा पत्ता चालू आहे, त्यावर पत्र पाठवून खात्री करावी, नोंदणी करून घ्यावी आणि ही अडचण इतरांना येऊ नये म्हणून अट काढावी, एवढंच. मी म्हणाले, "जरा कडक कर की." ती म्हणाली, "अर्ज हाय, मिरचीचा ठेचा न्हाई."

संस्थेच्या कार्यालयात एक लिपिक होते. त्यांनी अर्ज वाचायच्या आधीच सांगितलं, "हे ऑनलाइनच भरावं लागतं, बाई."

"ऑनलाइन घेत न्हाई म्हणून गाडीभाडं घालून आलो."

"तुमच्या चाकूरचे बाकी सगळे भरायलेत की! काल तर एकदम गठ्ठा आला." त्यांनी पुरावा म्हणून संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. मी मान पुढे केलीच होती, तेवढ्यात आत्याने आपली फाइल पडद्यापुढे आडवी धरली.

"दुसऱ्याची नावं आम्हाला कशाला दाखवता? तुमचं तुम्ही वाचा आणि फक्त ईमेल किती प्रकारचे हायत तेवढं मोजा."

लिपिक गोंधळले, पण आत्याच्या आवाजात अजून शाळा आहे. त्यांनी पडदा वळवून घेतला आणि बोट लावून मोजायला सुरुवात केली. तीन-चार ओळींनंतर त्यांचं बोट मंदावलं. शेवटी ते हसायलाच लागले.

"तेवीस अर्ज हायत. ईमेल एकच. कुठल्या तरी सेवा केंद्राचा."

"तो चालला?"

"चालला."

"तेवीस माणसं एका पेटीत राहतात ते खरे," आत्या म्हणाली, "आणि माझी एकटीची पेटी, ती खोटी?"

लिपिकांनी शिपायाला तीन चहा सांगितले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आतून टाकता येतं, बाई. आम्ही हातानं भरलं तर ते काही इचारत न्हाई. पण आजवर कुणी मागितलंच न्हाई." त्यांनी एका बोटाने, आत्याने एकेक अक्षर सांगितल्याप्रमाणे, तिचा पत्ता भरला. दोन मिनिटांत तिच्या हातातला फोन वाजला. तिने तो छातीशी धरून पत्र वाचलं, फोन बंद केला, आणि लिपिकांना म्हणाली, "पोचलं." अर्जावर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय ती उठली नाही. जाताना लिपिकांनी मला हळूच विचारलं, "ती सेवा फुकट असते का हो? माझ्या ईमेलचा पासवर्ड बायकोला माहीत हाय."

परीक्षा झाली. अधूनमधून मी त्या वेबसाइटवर आपला पत्ता टाकून पाहायची. काही आठवड्यांनी लाल अक्षरं यायची बंद झाली. संस्थेने आत्याच्या अर्जाला उत्तरही दिलं असणार, पण ते तिच्या पेटीत आलं आणि त्यात काय होतं ते मला ठाऊक नाही.

निकालाच्या दिवशी मी नांदेडात होते. पहिला फोन मला सेवा केंद्रवाल्याचा आला. त्याच्या पेटीत तेवीस निकाल येऊन पडले होते आणि जीव चोविसाव्यात अडकला होता. "ताई, बाईंचं काय झालं? सकाळधरनं दोनदा दुकानापुढून गेल्या, चेहऱ्यावरून काहीच कळंना. दुसऱ्यांदा तर मलाच म्हणाल्या, काय रे, जेवलास का!"

मी आत्याला फोन लावला.

"आला का?"

"आला."

"मग?"

"मग काय, वाचला."

"आत्या! मी लातूरला आले होते तुझ्यासोबत!"

"हाव, आली होतीस. लई चांगलं केलंस. ठेवते, दूध उतू जायलंय."

मी लॅपटॉप उघडला. तात्पुरता पासवर्ड मीच घातलेला, मला पाठ होता. आत्याचा पत्ता टाकला. पुढच्या चौकटीत पहिली दोन अक्षरं टाकली आणि माझ्या मलाच चाकूरच्या बाजारातली ती पायरी दिसली, तिच्यावर मी उभी. खिडकी बंद केली. पाणी प्यायले. मग राहवेना म्हणून पुन्हा आत्यालाच फोन लावला आणि हा प्रकार तिला सांगून टाकला.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"टाकून बघायचा होतास, येडे. लातूरच्या स्टँडवर तू रसाचे ग्लास आणायला गेलीस ना, तवाच बदलला मी."