मुद्दाम चुकवलेली उत्तरं

नकुल सबनीस व्यावसायिक आइस हॉकी खेळतो, असं कळलं की आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळातले लोक आधी हसायचे आणि मग त्याच्याबरोबर सेल्फी काढायचे. त्याची एक मॅच बघायला मात्र कुणी गेलं नाही. मी जायचो. त्याचे वडील संजीव आणि मी एकाच कंपनीत गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या करायचो. संजीव सारखा दौऱ्यावर असायचा, म्हणून पाच वर्षांच्या नकुलला रिंकवर सोडायचं काम माझ्याकडे आलं. मला मूलबाळ नाही. बर्फावर धडपडणाऱ्या त्या पोराने मला कधी आपलंसं केलं, ते कळलंच नाही.

पुढे तो लेफ्ट विंगर झाला. विंगर मैदानाच्या कडेने खेळतो. पक, म्हणजे ती रबरी चकती, कडेच्या भिंतीपाशी अडकली की ती काढायला विंगरनेच घुसायचं, मागून शंभर किलोचा माणूस धावत येतोय हे माहीत असताना. अंग चोरणारा विंगर टिकत नाही आणि नकुलने कधी अंग चोरलं नाही. ओहायोतल्या एका छोट्या टीममध्ये तो चार वर्षं खेळला. दहा-दहा तास बसचा प्रवास, मोटेलमधली झोप, आणि वरच्या लीगमधून बोलावणं येईल ही आशा.

पहिल्याच वर्षी तो सुट्टीला आला असताना माझ्या घरी जेवता जेवता म्हणाला, "काका, आय फेल्ड अ टेस्ट. ऑन पर्पज!"

सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूची कॉम्प्युटरवर परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, झटकन बटण दाबा. त्या मार्कांना बेसलाइन म्हणतात. डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेतात. मार्क घसरले तर खेळाडूला घरी बसवतात. म्हणून पहिल्या वेळीच काही उत्तरं मुद्दाम चुकवायची. फार नाही, नाहीतर कॉम्प्युटरला संशय येतो.

"सगळेच करतात, काका. आईला सांगू नका."

शाळेत कधी दुसरा नंबर न आलेलं पोर मुद्दाम कमी मार्क पाडून आलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं. आयुष्यभर चाचण्या घेऊन पोट भरलेल्या माणसाला कौतुक वाटलं, याची आज लाज वाटते. पहिलं मोजमाप खोटं असेल तर पुढचं सगळं फुकट, हे मी ऑफिसात नव्या पोरांना ओरडून सांगायचो.

तीन वर्षांत त्याला डोक्याला दोनदा मार लागला. दोन्ही वेळा परीक्षा पास. चौथ्या वर्षी तिसऱ्यांदा लागला, तेव्हाही पास, आणि त्याच आठवड्यात वरच्या लीगचा फोन आला. रुजू होण्याआधी तो दोन दिवस घरी आला. मला घेऊन रिंककडे निघाला आणि सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, "काका, इथून लेफ्ट की राइट?" सोळाव्या वर्षापासून तो त्या रस्त्याने गाडी चालवत होता.

मी म्हटलं, "नकुल, डॉक्टरला खरं सांग."

"दोन आठवडे, काका. प्लीज. एवढा एक चान्स."

मी गप्प बसलो. रेणू, त्याची आई, त्या संध्याकाळी पुरणपोळ्या करत होती. तिच्यासमोर बसून मी दोन खाल्ल्या.

वरच्या लीगमध्ये तो नऊ मॅच खेळला. नवव्या मॅचमध्ये बसलेला धक्का फार मोठासुद्धा नव्हता. नकुल उठला, आणि दुसऱ्याच टीमच्या बाकाकडे जाऊ लागला. लोक हसले. तिथे त्याचं करिअर संपलं. तो सव्वीस वर्षांचा होता.

आज त्याला उजेड सहन होत नाही. अर्धं पान वाचलं की उलटी होते. बेसमेंटमध्ये पडदे ओढून पडून असतो. परवा टीमच्या डॉक्टरांचा अंतिम रिपोर्ट आला. नकुलने जीव तोडून दिलेल्या परीक्षेचे मार्क बेसलाइनइतकेच भरले. म्हणजे त्याला काही झालेलंच नाही, आणि उपचारांची जबाबदारी टीमवर येत नाही.

रेणूने मला बोलावून घेतलं. खाली बेसमेंटमध्ये नकुल सोफ्यावर डोळे मिटून बसला होता. तिने कागद माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुम्ही टेस्टिंगवाले. हा नॉर्मल कसा, ते मला समजावून सांगा."

मी सगळं सांगितलं. बेसलाइन, सिग्नल, सगळं. ती ओरडेल, घराबाहेर काढेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"त्याने मला सांगितलं नाही, संजीवला सांगितलं नाही. तुम्हाला का सांगितलं?"

"माझ्यावर विश्वास होता त्याचा."

"नाही," रेणू म्हणाली. "कुणीतरी थांबवावं म्हणून सांगितलं."

मी नकुलकडे पाहिलं. 'नो, आई' असं तो म्हणेल, म्हणून वाट पाहत राहिलो. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतले.