मेहुण्याचा समुद्र

समुद्रलाटा आणि टिकी या थोर कलापरंपरेचा विदर्भातला पहिला संग्राहक मी आहे. दुसरा अद्याप झालेला नाही. कलासंग्रहाला व्यासंग लागतो, दृष्टी लागते, असं जाणकार सांगतात. मला फक्त एक मेहुणा लागला.

हा मेहुणा, विनू, काटोलचा. घरची संत्र्याची बाग. ती सोडून तो चित्रकार व्हायला निघाला तेव्हा सासरे कडाडले, "हे रंगाचे डबे फेकशीन, तवाच मले तोंड दाखवजो!" विनूनं डबे फेकले नाहीत. ते घेऊन तो बसमध्ये बसला आणि नागपुरात आमच्या दोन खोल्यांत येऊन उतरला. आठवडाभरासाठी. (दोन वर्षं झाली तरी तो आठवडा सरला नव्हता.)

सीताबर्डीवरच्या रद्दीत त्याला एक अमेरिकन मासिक सापडलं. त्यात उघडेबंब तरुण फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत होते (याला सर्फिंग म्हणतात), आणि किनाऱ्यावर टिकी नावाचे लाकडी देव उभे होते. वटारलेले डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, आणि जबडा असा उघडलेला की पडजीभ दिसावी. विनूला साक्षात्कार झाला. त्यानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्याचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. त्यामुळे त्याच्या पॅसिफिक महासागराच्या काठी म्हशी पाणी पीत असत.

एकदा एक झब्बेवाले कलासमीक्षक चहाला आले, आमचा चिवडा संपवला आणि म्हणाले, "उदयोन्मुख आहे!" उदयोन्मुख म्हणजे ज्याचं जेवण अजून बहिणीकडे असतं तो, हा अर्थ मला त्या दिवशी कळला.

शेजारच्या वाघमारेकाकूंची समजूत काढता काढता माझी बायको कुसुम थकली.

"सर्फची चित्रं? म्हणजे साबनाची पावडर विकून राह्यला का वं तुहा भाऊ?"

"नाही हो काकू, समुद्रातला खेळ असते तो. आणि हे टिकी."

"आलूची?"

माझं मात्र हसणं केव्हाच संपलं होतं. न्हाणीच्या दारात सात फुटांची रंगवलेली फळी आडवी. रोज सकाळी माझी नडगी तिच्यावर आपटायची. वरणात लाकडाचा भुसा. चहाला टर्पेंटाइनचा वास. एके दिवशी कॉलेजात शिकवून येऊन पाहतो, तर माझी सगळी पुस्तकं खाटेखाली आणि कपाटात ओळीनं सहा टिकी! मी भडकलो. कला, कलावंत, समीक्षक, पॅसिफिक महासागर, कुणालाही सोडलं नाही. विनू मान तिरकी करून डोळे बारीक करत ऐकत होता.

"भाऊजी, थो शेवटचा शब्द पुन्हा म्हना ना. जरा खिडकीकडं तोंड करून."

पोराला पश्चात्ताप होतोय, असं मला वाटलं. मी आनंदानं पुन्हा म्हटला.

पुढे त्यानं कडुनिंबाच्या ओंडक्यातून माणसाएवढा टिकी कोरला. पाहताक्षणी मी ओळखलं. सासरे! तेच नाक, तोच जबडा! मी तीन दिवस हसत होतो.

"अहो, नीट पाहा बरं एकदा," कुसुम म्हणाली आणि तोंड फिरवून चुलीकडे वळली. बापाची बाजू लेक घेणारच, म्हणून मी सोडून दिलं.

त्याच आठवड्यात ती माहेरी जाऊन बापाला पटवून आली. "बाबा रविवारी येऊन पाह्यतील. पटलं तं विनूला घरी घेऊन जातील. दोन वर्सं झाली हो, बापलेक बोलले नाहीत." तिचे डोळे भरून आले. माझेही आले. माझ्या डोळ्यांपुढे रिकामी न्हाणी होती.

मग एकदम घाम फुटला. तो टिकी! स्वतःचा हा जबडा पाहिला की सासरे परतीची बस पकडणार, आणि विनू जन्मभर आमचा! मी टिकीवर सोलापुरी चादर टाकली आणि त्याच्यापुढे खुर्ची मांडून बसलो.

सासरे आले. लेकाकडे न बघता भिंतीवरची चित्रं बघू लागले.

"म्हशी बऱ्या हायेत," ते शेवटी म्हणाले. विनूचा चेहरा उजळला. कुसुमनं देवाला हात जोडले. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"जावईबापू, हे झाकलेलं काय हाय?"

"काही नाही मामाजी. हार्मोनियम."

"उभी?"

"मोठी आहे."

ते पुढे आले. मी चादर घट्ट धरली. त्यांनी दुसरं टोक धरलं. ते ओढताहेत, मी ओढतोय! अखेर माझा तोल सुटला. "हात लावू नका म्हणतो ना!" मी सगळ्या ताकदीनिशी ओरडलो, आणि चादर घसरली.

सासऱ्यांनी टिकीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड अजून मिटलं नव्हतं.

"अरे बापा! हे तं जावईबापूच होय ना गा!"

कुसुम भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून हसू लागली.

"तुला माहीत होतं?" मी ओरडलो.

"अख्ख्या गल्लीले माहीत हाय," वाघमारेकाकू खिडकीतून म्हणाल्या.

"दोन वर्सं रोज पाहून राह्यलो ना, बाबा," विनू नम्रपणे म्हणाला. "भाऊजींचा राग लय नमुनेदार हाय."

सासरे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी लेकाला जवळ ओढलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "बगीच्यात वानरं भलती मातली हायेत. याले बांधावर उभा करतो. असे अजून तीन पायजे, चारी कोपऱ्याले."

"करतो ना, बाबा. पन मंग मले इथंच राहा लागन. भाऊजी तं नागपुरात हायेत."

"राह्य मंग!"

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. विनूनं पेन्सिल हातात घेतली.

त्या हंगामात सासऱ्यांच्या बागेत एकही वानर आलं नाही.